एअर रायफल: मधूनच एखादा पेलेट बाहेर जात असेल तर

रायफल बॅरल (नळी) मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून भरायची, स्प्रिंगची, ४.५ मिमी पेलेटची (शिशाच्या छोट्या गोळ्यांची). अंतर १० मीटर, रायफल टेकवलेली. बहुतेक छिद्रं एकमेकांना खेटून आणि मधूनच एखादं बोटभर बाजूला. त्याच डबीतले पेलेट बालेवाडीच्या रेंजवर मित्राच्या स्पर्धेच्या रायफलमधून एकाच भोकात जात होते, म्हणजे दोष पेलेटचा नव्हता.

स्क्रू आवळले, बॅरल साफ केली, ब्रीचचं (बॅरलचं मागचं तोंड, जिथे पेलेट भरतात) हवा अडवणारं सील बदललं. फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला.

मग पेलेट उलटा, पोकळ स्कर्ट (पेलेटचा मागचा घेर) पुढे ठेवून भरला. कार्डावर छिद्रं लांबट, फाटकी. वजन मागे गेलं की पेलेट हवेत डगमगतो. पण एक गोष्ट कळली: तो कसा बसतो यावर सगळं आहे. अंगठ्याने दाबताना स्कर्टची कड कधी ब्रीचच्या बाहेर राहत होती, कधी तिरकी. बॅरल मिटताना तीच चेपायची.

आता रायफलचं तोंड टार्गेटकडे ठेवून बॅरल पूर्ण मोडतो आणि एका हाताने घट्ट धरून ठेवतो. हे कधीच सोडू नका, सटकली तर बोट जाईल. स्कर्ट उजेडात पाहून चेपलेला पेलेट बाजूला काढतो. डोकं पुढे ठेवून सरळ आत सोडतो, मग बॉलपेनच्या बोथट, गोल टोपणाने कड ब्रीचच्या जेमतेम आत जाईपर्यंत दाबतो. प्रत्येक वेळी तेवढंच. आणखी खोल ढकलल्यावर माझ्याकडे छिद्रं पुन्हा पसरली.

आता सगळी छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.