रिलेवरच्या किलोमीटरवर गँग पाठवण्याआधी

टेस्टिंगला (रिले तपासणाऱ्या विभागात) नवीन पोस्टिंग झालीय? मग हे वाचाच. २२० केव्ही लाइन ट्रिप झाली (फॉल्टमुळे आपोआप बंद पडली) की सगळ्यांचा पहिला प्रश्न, "किती किलोमीटर?" म्हणजे फॉल्ट किती लांब, गँग (दुरुस्तीची टोळी) कुठे पाठवायची. डिस्टन्स रिले (फॉल्ट ओळखून लाइन बंद करायला लावणारं उपकरण) ३१.४ असा दशांशासकट आकडा दाखवतो आणि वाटतं, सुटलो. सुटलेले नसता.

रिले अंतर मोजतच नाही. व्होल्टेज-करंटवरून इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) काढतो आणि त्यातल्या रिअ‍ॅक्टन्सला (रेझिस्टन्स सोडून उरलेल्या भागाला) सेटिंगमधल्या दर किलोमीटरच्या आकड्याने (साधारण ०.४ ओहम) भागतो. इन्सुलेटरवर सरळ फ्लॅशओव्हर झाला (ठिणगी उडून करंट टॉवरकडे गेला) तर हे बऱ्यापैकी जमतं. झाडाची फांदी लागली तर फॉल्टच्या जागीच मोठा रेझिस्टन्स येतो, त्यातून पलीकडच्या टोकाचा करंटही वाहतो आणि आकडा सरकतो. ज्या टोकाकडून लोड निघतो तिथून फॉल्ट जवळ दिसतो, दुसऱ्या टोकाकडून लांब. डबल सर्किट लाइनवर (एकाच टॉवरवर दोन सर्किट) शेजारचं सर्किट आउटेजला घेऊन दोन्हीकडे अर्थ केलं असेल तर अर्थ फॉल्ट (तारेतून जमिनीकडे होणारा) आणखी जवळ भासतो. आणि फेज-फेज फॉल्ट (दोन तारांमधले) बरोबर सापडतात, अर्थ फॉल्ट मात्र दर वेळी चुकतात, असं असेल तर झीरो सिक्वेन्सचं कॉम्पेन्सेशन सेटिंग (जमिनीतून परतणाऱ्या करंटचा हिशेब धरणारं) तपासा. तिथे कुणी हात लावायला धजत नाही.

म्हणून दोन्ही टोकांचे आकडे मागवा आणि बेरीज करा. लाइन ८० किलोमीटरची आणि बेरीज ९३ आली, तर एका आकड्यावर गँग पाठवू नका. डीआर (डिस्टर्बन्स रेकॉर्ड, म्हणजे फॉल्टच्या वेळच्या व्होल्टेज-करंटच्या लाटांची नोंद) उघडा. ब्रेकर उघडेपर्यंत जेमतेम चार-पाच सायकल मिळतात, पण पुरतात. फॉल्ट झालेल्या फेजचा करंट व्होल्टेजच्या ७०-८० अंश मागे असेल तर फॉल्ट सॉलिड, म्हणजे फॉल्टच्या जागी रेझिस्टन्स जवळपास नाही. कोन बराच कमी असेल तर झाडाचा संशय घ्या.

सुरुवातीला त्या लाटा बघून डोकं गरगरतं, मला अजूनही कधी कधी गरगरतं. जमतं हळूहळू. "बटण दाबा, रिपोर्ट तयार" छापाच्या व्हिडिओंनी मात्र काही येत नाही. त्यापेक्षा लाइनच्या जुन्या तंत्रज्ञासोबत चहा घ्या. कुठल्या स्पॅनखाली (दोन टॉवरमधल्या तारांखाली) ऊसतोडीआधी फड पेटवतात, कुठे संक्रांतीला मांजा अडकतो, हे त्याला तोंडपाठ असतं. साहेब लोकांना हे विचारायची लाज वाटते, का ते देव जाणे.

आणि डीआर त्याच शिफ्टमध्ये उतरवून घ्या, दोन्ही टोकांचा. रिलेची मेमरी भरली की जुनी रेकॉर्ड पुसली जातात, आणि पावसाळ्यात ती लवकर भरते.