दुःखावर प्रचार करताना या चुका टाळा

ग्रामीण विदर्भात उमेदवाराचं भाषण किंवा प्रचाराचं पत्रक लिहायला बसलं की नापिकी, कर्ज, शेतकरी आत्महत्या हे विषय येतातच, आणि यायलाच पाहिजेत. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने एकत्र जीव दिला. तेव्हापासून इथल्या कोणत्याच पक्षाला या दुःखाकडे पाठ फिरवता आलेली नाही. माझं मागणं एवढंच आहे की ज्या घरात हे घडलं, त्या घरच्या माणसाला सभेत मान खाली घालावी लागेल असं काही लिहू नका. मी बरीच वर्षं गावोगावच्या उमेदवारांसाठी लिहितो, आणि दर निवडणुकीत नवी पोरं त्याच त्या चुका करतात.

सांत्वनाला जाताना मोबाईल काढू नका

घाटंजीकडच्या एका गावातली गोष्ट. उमेदवार मनाने चांगला होता, त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. पण सोबतच्या पोराने दारातूनच व्हिडिओ सुरू केला. बाई भिंतीला टेकून बसलेली, पदर सारखा पुढे ओढत होती. तिच्या बाजूला फवारणीचा पंप आणि खताचं अर्धं पोतं तसंच पडलेलं. संध्याकाळपर्यंत त्याचं रील झालं, मागे बासरी, वर मोठ्या अक्षरात ‘भाऊंचे डोळे पाणावले’. तेरवीसुद्धा व्हायची होती. त्या बाईची मुलगी यवतमाळला वसतिगृहात शिकत होती. आपली आई रडताना तिने मैत्रिणीच्या स्टेटसवर पाहिली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा काका प्रचार कार्यालयात आला. आवाज चढवला नाही, खुर्चीवरही बसला नाही. म्हणाला, “भाऊ, आमच्या घरची मयत हाय ते. तुमच्या मोबाईलमंदी कायले फिरवता?” रील काढून टाकलं, पण तोवर ते गावच्या सगळ्या ग्रुपवर जाऊन पोचलं होतं. आठवड्याने त्या गावात महिलांची बैठक ठेवली, तर सतरंज्या रिकाम्याच राहिल्या. बायकांनी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त आल्या नाहीत.

माझी पद्धत अशी आहे. गाडी चौकात थांबते आणि फोन गाडीतच राहतात. उमेदवारासोबत दोनच माणसं, त्यातली एक त्याच गावातली बाई. घरचे जिथे बसलेत तिथेच बसायचं, खुर्ची मागायची नाही. तेरवी होईपर्यंत एक ओळही बाहेर जात नाही. नंतर कधी त्या घराबद्दल लिहायचंच असेल, तर मजकूर घरच्यांना वाचून दाखवतो आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबतो. ‘तोवर विषय थंडा होऊन जाते’ असं म्हणणाऱ्या पोरांना मी हे काम देत नाही. दुःखाच्या घरी घाई करणाऱ्याला लिहिता येत असलं तरी मला तो नको.

नाव घेण्याची गोष्ट तर याहून मोठी. २००८ मध्ये लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधींनी यवतमाळ जिल्ह्यातल्या जळक्याच्या कलावतीबाईंचं, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीचं, नाव घेतलं. २०२३ मध्ये अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी तेच नाव पुन्हा घेतलं, आणि मदत नेमकी कोणी केली याबद्दलचं त्यांचं म्हणणं स्वतः कलावतीबाईंनी खोडून काढलं. एकदा माईकवर घेतलेलं नाव त्या बाईला पंधरा वर्षं पुरलं. मोठ्या सभागृहात हे होतं, मग कॉर्नर सभेत आपण किती जपायला पाहिजे! ज्यांचं नाव घेतो ती माणसं जिवंत आहेत, ऐकतात आणि उत्तरही देतात.

‘पात्र की अपात्र’ हे न बघता मदतीचं बोलू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती आळसातून होते. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला सरकारकडून एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, हे २००६ च्या शासन निर्णयापासून चालत आलेलं गणित भाषण लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पण जिल्ह्याची समिती आधी प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते, हे तो विसरतो. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असलं तर ते धरलं जातं. कृषी केंद्राची उधारी आणि गावातल्या बिनपरवाना सावकाराचा पैसा कागदावर दिसत नाही, आणि आपल्याकडे खरा फास तोच असतो.

एका सभेत उमेदवाराने पहिल्या रांगेतल्या बाईकडे हात करून जाहीर केलं की या ताईंना लाखाची मदत मिळवून देणारच. ती उभी राहिली. “साहेब, अपात्र म्हनून कागद आला न मले दिवाळीच्या आधीच.” पुढे बोलायला उमेदवाराकडे काही नव्हतं. भाषण लिहिणाऱ्याने तहसीलला एक फेरी मारली असती तर त्या बाईला दोनशे माणसांत आपला नकार वाचून दाखवावा लागला नसता.

मी प्रत्येक गावासाठी वही ठेवतो. त्यात घर, गट नंबर, कर्ज कोणाचं, वारस नोंद झाली का, प्रकरण कुठे अडलं, असं सगळं लिहिलेलं असतं. ‘कुठे अडलं’ हा रकाना कोरा असेल तर त्या घराबद्दल भाषणात वाक्य येत नाही. भरलेला असेल तर वाक्य आपोआप सुचतं, आणि ते साधं असतं: ‘फेरफार अडला आहे, सोमवारी तलाठ्याकडे आमचा माणूस सोबत येईल.’ ‘तुमचं दुःख ते आमचं दुःख’ यापेक्षा असलं वाक्य बायका जास्त लक्ष देऊन ऐकतात, हे मी समोर बसून बघितलं आहे.

कर्जमाफीचंही तसंच. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण सूट दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. आपल्याकडे कोरडवाहू वावर आठ-दहा एकर असूनही हाती काही राहत नाही, आणि असा शेतकरी त्या पूर्ण सुटीच्या बाहेर राहिला. हे माहीत नसताना ‘सरसकट’ लिहिणारा माणूस त्याच्या जखमेवर पुन्हा बोट ठेवतो.

सातबारा नसलेल्यांना वगळू नका

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यात रोजाने फवारणीला गेलेले मजूर मोठ्या संख्येने होते. तरी भाषणं निघाली ती सगळी ‘शेतकरी बांधवांनो’ म्हणत. मजूर, सालगडी, ठोक्याने म्हणजे भाड्याने वावर करणारा, निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, यांच्या नावाने एक ओळ तरी येऊ द्या. मी पत्रक छापायला देण्याआधी वेचणीला जाणाऱ्या एका मावशीला वाचून दाखवतो. ती जिथे “हे आमच्यासाठी नाही” म्हणते, तिथे मी बदल करतो.

आत्महत्येला बलिदान म्हणू नका

गेलेल्याला मोठं करण्याच्या भरात लिहिणारे हुतात्मा, बलिदान असे शब्द वापरतात. सभेत असा एखादा तरुण बसलेला असतो ज्याची पऱ्हाटी वाळली आहे आणि सोसायटीची नोटीस घरी आली आहे. मरणाला मान मिळतो हे त्याला आपल्या तोंडून ऐकू जाऊ नये. कसा गेला, काय घेतलं, हेही लिहू नका. त्या जागेवर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत नंबर टाका. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात नको, मोठा टाका, आणि उमेदवाराने तो सभेत दोनदा वाचावा.

बाकी थोडक्यात. लहान लेकरू स्टेजवर आणू नका, निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांना प्रचारात वापरायला स्पष्ट मनाई केली आहे. अपंगांबद्दल हिणवणारे शब्द नकोत, त्याबद्दलही आयोगाच्या सूचना डिसेंबर २०२३ पासून आहेत. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर उमेदवाराचा फोटो गेलेल्या माणसापेक्षा मोठा नको. सांत्वनाच्या भाषणात विरोधकाला शिव्या नकोत. आणि मोबाईलला विचारून लिहिलेला शोकसंदेश तर अजिबात नको, त्यात गावाचं नाव बदललं की तोच मजकूर कुठेही चालतो, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ग्रुप बंद करून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. वहीत ज्या घरांचं काम अडलेलं आहे, त्यांची यादी मी निकालाच्या आठवड्यातच उमेदवाराच्या हातात देतो, जिंकलेला असो की हरलेला, आणि प्रत्येक नावापुढे तहसीलला कोण जाणार ते लिहून घेतो. जो उमेदवार ही यादी घ्यायला टाळाटाळ करतो, त्याचं पुढच्या वेळचं काम मी घेत नाही.