लिनक्सवर यूएसबी वायफाय सारखं तुटतंय? आधी लॉग बघा, मग ड्रायव्हरला हात लावा

लिनक्सवर वायफाय मधेच जायला लागलं की बहुतेक जण काय करतात, तर सर्च करून सापडेल ती पहिली कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी एकाच अडॅप्टरचे दोन ड्रायव्हर मशीनमध्ये होऊन बसतात आणि मूळ दुखणं काय होतं तेच कळेनासं होतं. वायफाय तुटतं म्हणजे दर वेळी ड्रायव्हरच वाईट असतो असं नाही, आणि नेमकं काय तुटतंय ते मशीन स्वतःच सांगत असतं, फक्त ते तुटत असताना बघावं लागतं.

मी इथे रिअलटेकची आरटीएल८८२१सीयू चिप धरून सांगतोय, कारण स्वस्तातल्या त्या नखाएवढ्या ड्युअल बँड स्टिक्समध्ये ती सर्रास असते. डब्यावर ब्रँड काहीही असू दे, त्याला काही अर्थ नाही, लॅमिंग्टन रोडवर एकाच काउंटरवर चार नावांनी ठेवलेल्या स्टिक्स आतून एकच निघू शकतात. म्हणून टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी कमांड द्या (स्पेलिंग लहान लिपीत, सगळी अक्षरं सलग). रिअलटेकच्या ओळीत ०बीडीए:सी८११ किंवा ०बीडीए:सी८२० असा आयडी दिसला तर हीच चिप.

०बीडीए:१ए२बी दिसला तर मात्र गंमत आहे. स्टिक अजून वायफाय कार्ड झालेलीच नाही, ती स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतेय, त्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि डब्यावर "ड्रायव्हर फ्री" लिहिलेलं असतं ते त्याच्याच जोरावर. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी दिसते तिला इजेक्ट करा, बऱ्याचदा तेवढ्यावरच वायफाय जागं होतं. कायमचा उपाय म्हणजे यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाकणं. आणि हे सगळं टाकायला नेट कुठून आणायचं हा प्रश्न असेल तर फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता मुख्य काम. दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडा. एकात सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून डीमेसेज कमांड द्या (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी), पुढे डॅश डब्ल्यू, म्हणजे कर्नलचे, लिनक्सच्या गाभ्याचे, मेसेज जसे येतील तसे सरकत राहतील. दुसऱ्यात तुमच्या राउटरच्या आयपीला पिंग (उत्तर येतंय का ते सतत तपासणारी कमांड) लावून ठेवा, बाहेरच्या कुठल्या साइटला नाही, राउटरलाच, कारण राउटरपर्यंतचं पिंग नीट चाललंय आणि नेट बंद आहे असं असेल तर अडॅप्टरचा काही दोष नाही, नेटवाल्याला फोन करा. मग नेहमीसारखं काम करत बसा आणि ज्या क्षणी पिंग अडकेल त्या क्षणी पहिल्या टर्मिनलमध्ये शेवटी काय आलं ते बघा.

तिथे "यूएसबी डिसकनेक्ट" असं आलं असेल तर स्टिक यूएसबी जोडणीतूनच गळून पडतेय, ड्रायव्हर बदलून फारसा फायदा नाही. पोर्ट बदला, बिनपॉवरचा हब असेल तर काढून टाका. एलएसयूएसबीला डॅश टी लावून बघितलं की प्रत्येक डिव्हाइसपुढे ड्रायव्हरचं नाव आणि स्पीड येतो, ही चिप यूएसबी २ ची आहे त्यामुळे ४८०एम दिसायला हवं, १२एम दिसत असेल तर पोर्ट किंवा केबलमध्ये गडबड आहे. अजून एक, शेजारच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क लावली की २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लंगडायला लागतं, हा भ्रम नाही, यूएसबी ३ चा नॉइज त्याच पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर पेपर काढला होता. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून स्टिक लांब न्या किंवा ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

"फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट" अशी ओळ आली असेल तर चिप झोपायला गेली आणि उठलीच नाही, म्हणजे पॉवर सेव्हिंग. उबंटू-मिंटवर ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात कॉन्फ डॉट डी फोल्डर आहे, त्यात डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते आणि तिच्यात वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर ३. त्या ३ चा २ करा (३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद), नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. माझ्या मते दुसरं काहीही करण्याआधी हे करून बघायलाच हवं, एक आकडा बदलायचाय आणि नाही जमलं तर परत ३ करायचा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

"डीऑथेंटिकेटेड" किंवा "डीऑथेंटिकेटिंग" आणि पुढे रीझन नंबर आला तर आधी बघा कोणी तोडलं. ओळीत "बाय लोकल चॉइस" असेल तर आपल्याच मशीनने, नाहीतर राउटरने. राउटरने तोडलं असेल तर त्याचं चॅनल ऑटोवरून काढून फिक्स करून बघा.

आता खरा गोंधळ, दोन ड्रायव्हर. कर्नल ६.२ च्या आधी या यूएसबी चिपसाठी कर्नलमध्ये ड्रायव्हरच नव्हता, त्यामुळे सगळे बाहेरून ८८२१सीयू ड्रायव्हर उतरवून डीकेएमएसने (नवा कर्नल आला की ड्रायव्हर परत कंपाइल करणारं टूल) बसवायचे. ६.२ पासून आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर यूएसबीवरही चालायला लागला. मग होतं काय, उबंटू २२.०४ सुरुवातीला ५.१५ कर्नलवर होतं तेव्हा बाहेरचा बसवला, पुढे अपडेटमध्ये कर्नल वर गेला, आणि आता दोघंही त्याच स्टिकवर हक्क सांगतायत, कधी हा आधी लोड होतो कधी तो, म्हणून एका बूटला वायफाय छान आणि दुसऱ्या बूटला गायब. एलएसमॉड करून लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी बघा, दोन्ही दिसले तर एकच ठेवा. यूनेम डॅश आर दिल्यावर चालू कर्नलचा आकडा ६.२ किंवा त्यापुढचा आला तर मी आधी बाहेरचा काढून कर्नलचाच वापरून बघेन, कारण बाहेरचा ड्रायव्हर दर नव्या कर्नलला परत कंपाइल व्हावा लागतो आणि एक दिवस होत नाही. काढताना ईटीसीमधला मोडप्रोब डॉट डी फोल्डरही उघडून बघा, बाहेरच्या ड्रायव्हरने कर्नलच्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे लोडच होऊ न देणारी, फाइल तिथे ठेवलेली असू शकते, ती राहिली तर दोन्ही गेले आणि तुम्ही बसा शोधत.

कर्नल जुनाच ठेवायचा असेल तर बाहेरचाच लागेल, मग त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स) इन्स्टॉल आहेत ना ते बघा आणि डीकेएमएस स्टेटसमध्ये चालू कर्नलपुढे "इन्स्टॉल्ड" लिहिलंय ना ते बघा. सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणारी सेटिंग) चालू असेल तर ड्रायव्हर बसवल्यावर पासवर्ड मागतो आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे "एनरोल मॉक" निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत एंटर दाबून पुढे गेलात तर ड्रायव्हर बसलेला दिसेल पण लोड होणार नाही, "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" म्हणून अडेल.

अपडेटनंतरच बिघडलं असेल आणि आज कामाची घाई असेल तर ग्रबमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मेनूत, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडून बूट करा, बाकीचं रविवारी. आणि नवीनच स्टिक घेणार असाल तर ब्रँड न विचारता चिप विचारा, मीडियाटेकची एमटी७६१२यू मिळाली तर उत्तम, तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे, लावली की चालते. थोडी महाग पडते आणि आकाराने मोठी असते.