वाढीचे हार्मोन आणि ते स्रवायला लावणारी पेप्टाइड : तुलना कशी करावी

कृत्रिम वाढीचे हार्मोन, म्हणजे सोमॅट्रोपिन, आणि शरीराला स्वतःचेच हार्मोन स्रवायला लावणारी पेप्टाइड (प्रथिनांसारख्याच, पण छोट्या अमिनो आम्लांच्या साखळ्या) यांची तुलना व्यायामशाळांत बहुधा किंमत आणि स्नायू या दोनच गोष्टींवरून होते. त्याआधी मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी धड काम करते आहे का, हे विचारावे.

सोमॅट्रोपिन हे १९१ अमिनो आम्लांचे तयार प्रथिन आहे. ते त्वचेखाली टोचले की ग्रंथीची अवस्था कशीही असली तरी रक्तात पोहोचते. पेप्टाइड केवळ निरोप पोहोचवतात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून ग्रंथीकडे जाणारा मूळ निरोप्या ४४ अमिनो आम्लांचा असतो आणि सर्मोरेलिन हा त्याचा पहिल्या २९ आम्लांचा तुकडा आहे. जीएचआरपी-६ आणि इपामोरेलिन ही पेप्टाइड मात्र घ्रेलिन या भुकेच्या हार्मोनच्या दारातून शिरतात, आणि म्हणूनच जीएचआरपी-६ टोचून घेणाऱ्याला थोड्याच वेळात कडकडून भूक लागते. गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे ग्रंथीच निकामी झाली असेल, तर हे निरोप ऐकायला कोणी उरलेले नसते आणि तिथे सोमॅट्रोपिनला पर्याय नाही.

त्यानंतर लगाम कोणाच्या हाती राहतो, ते पाहावे. शरीरात हे हार्मोन सतत न झिरपता झटक्यांनी स्रवते आणि पातळी वाढली की सोमॅटोस्टॅटिन (हायपोथॅलॅमसमधले रोधक हार्मोन) व आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनमुळे मुख्यतः यकृतात बनणारे हार्मोन) हे स्राव रोखतात. पेप्टाइड घेताना हा लगाम बऱ्याच अंशी शाबूत राहतो; सोमॅट्रोपिनच्या बाबतीत तो मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या हाती असतो. एवढ्यावरून पेप्टाइडला ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त होण्याची मात्र सोय नाही, कारण पायांवर सूज, सांधेदुखी, हातांना मुंग्या आणि रक्तातील साखर वाढणे हे त्रास दोन्हींत संभवतात.

पुराव्याचे पारडे सरळ एका बाजूला झुकते. जनुकीय तंत्राने बनवलेल्या हार्मोनला अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली, म्हणजे चार दशकांचा अनुभव गाठीशी आहे. पेप्टाइडपैकी टेसामोरेलिनला २०१० मध्ये मान्यता मिळाली, तीही एचआयव्हीबाधितांच्या पोटातील साठलेली चरबी कमी करण्यापुरती. इपामोरेलिनला तेथील औषध नियामकाची मान्यता नाही.

तपासणी करताना एकदाच रक्त काढून हार्मोनची पातळी पाहू नये. दोन झटक्यांच्या मधला नमुना निरोगी माणसातही जवळजवळ शून्य दाखवतो. वयानुसार आयजीएफ-१, गरज वाटल्यास उत्तेजन चाचणी (औषध देऊन ग्रंथी किती हार्मोन स्रवते ते पाहणे), आणि सोबत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतील सरासरी साखर) व थायरॉइड, असा क्रम डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. मुलाच्या उंचीचा प्रश्न असेल तर डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहतात; हाडांच्या टोकांची वाढपट्टी बंद झाली असेल, तर दोन्हींपैकी कशानेही उंची वाढत नाही.

स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंना दोन्हींवर बंदी आहे. शरीर या हार्मोनचे २२ आणि २० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) असे प्रकार बनवते, कुपीत फक्त २२चा असतो, आणि बिघडलेल्या या प्रमाणावरून चोरी पकडली जाते. पेप्टाइडने प्रमाण तसे बिघडत नाही, पण ती स्वतःच लघवीत सापडतात.

शेवटी कुपीचे लेबल वाचावे. त्यावर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असेल, तर ती पावडर औषध म्हणून तपासलेली नाही. ती टोचून घेऊ नये.