बर्गलर अलार्म : वायरचा घ्या की वायरलेस, या चुका टाळा

वायरचा अलार्म विकणारा म्हणतो, वायरलेस म्हणजे खेळणं. वायरलेस विकणारा म्हणतो, अहो, भिंती कशाला फोडताय? दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. पण गाडी अडते ती तिसरीकडेच. चोर यायच्या कितीतरी आधी अलार्म मुका झालेला असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून घेताना एकच गोष्ट खोदून विचारा : एखादा सेन्सर मेला, तर हे यंत्र मला सांगणार का?

वायरलेसमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ऑनलाइन मिळणारे बरेचसे स्वस्त संच 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि त्यांचा संवाद एकतर्फी असतो. दार उघडलं की सेन्सर एकदा ओरडतो, एरवी गप्प. त्याचा सेल संपला, कुणी तो उचकटून नेला, किंवा पॅनेलपर्यंत, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीपर्यंत, सिग्नलच पोहोचत नसला, तरी पॅनेल आपलं ‘सगळं ठीक’चा हिरवा दिवा लावून बसतं. चांगल्या संचात सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी लावतो आणि ती चुकली की पॅनेल तक्रार करतं. याला सुपरव्हिजन म्हणतात. खोक्यावर काय छापलंय ते सोडा, एका सेन्सरचा सेल काढून ठेवा आणि माहितीपत्रकात दिलेला वेळ जाऊ द्या. पॅनेल हूं की चूं करत नसेल, तर बंद घर त्याच्या भरवशावर सोडू नका. या स्वस्त संचांच्या रिमोटचा कोडही बहुधा कायम तोच असतो, त्यामुळे त्याची नक्कल करता येते. दर वेळी कोड बदलणारा रिमोट मागून घ्या.

पॅनेल लोखंडी कपाटात ‘सुरक्षित’ ठेवणं ही आणखी एक हौस. आरसीसीच्या दोन-तीन भिंती आणि वर पत्र्याचं कपाट म्हटल्यावर सिग्नल पोहोचणार कसा? पॅनेल घराच्या मध्यावर, थोडं उंच आणि दारातून दिसणार नाही असं लावा.

आता वायरचा अलार्म. वायर कापली की सर्किट तुटतं आणि भोंगा वाजतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कापण्याऐवजी दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तर? त्यासाठीच लाइनच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, असतो. मधेच तारा जोडल्या की तो अडथळा नाहीसा होतो आणि पॅनेलला संशय येतो. तो सेन्सरपाशी हवा. प्रत्यक्षात त्या रेझिस्टरांची पुडी पॅनेलच्या खोक्यात येते आणि वायरमन ते तिथल्या तिथे पॅनेलच्या स्क्रूत कसून मोकळा होतो. मग दार उघडं असलं तरी सेन्सरपाशी तारा जोडल्या की पॅनेलला दार बंदच वाटतं. वायरमन असतानाच सेन्सरपाशी तारा जोडून ही चाचणी करून घ्या. कामाचे पैसे द्यायच्या आधी.

अलार्मची केबल 230 व्होल्टच्या पाइपातून ओढू देऊ नका. शेजारच्या तारांतले विजेचे झटके केबलमध्ये उतरून खोटे अलार्म वाजतात, शिवाय ते धोक्याचंही आहे. किनारपट्टीवर नुसत्या पिळलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या जोडांवर गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून जोड सोल्डरच करायला सांगा. फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर असतील, तर केबल पाइपातूनच न्या.

बॅटरीच्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच आळशी. पॅनेलमधली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं टिकते, उन्हाळा कडक असेल तिथे त्याहून कमी. नुसता मीटर लावून बघाल तर मेलेली बॅटरीही 12 व्होल्ट दाखवते. मेन स्विच बंद करा, दोनेक तास जाऊ द्या आणि मग भोंगा वाजवून पाहा. आवाज बसका आला किंवा पॅनेलच विझलं, तर बॅटरी बदला.

आपल्याकडची खास चूक मात्र सिमची. अलार्म वाजला की पॅनेल तुम्हाला फोन लावतं ते सिमवरून. त्यात जुनं प्रीपेड सिम टाकतात, त्या नंबरवरून एरवी कुणी बोलत नाही आणि रिचार्ज संपल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. भोंगा वाजतो, फोन मात्र जात नाही. पॅनेल फक्त टूजी असेल, तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही, कारण त्यांचं जाळं फोरजीपासूनच सुरू होतं. आणि सगळी भिस्त वायफायवर असेल, तर लाइट गेल्यावर राउटर चालू राहतो का ते बघा. इन्व्हर्टरच्या प्लगवर टीव्ही असतो, राउटर नसतो!

खोटे अलार्म वाजायला लागले की लोक सेन्सरची संवेदनशीलता कमी करतात, मग कंटाळून अलार्म लावायचंच सोडतात. आधी सेन्सरवरची कोळिष्टकं आणि पाल बघा. हालचाल टिपणारा सेन्सर अंगाची उष्णता ओळखतो, म्हणून तो ऊन येणाऱ्या खिडकीसमोर नको. तो समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस चांगला टिपतो, म्हणून कोपऱ्यात असा लावा की चोराला त्याच्यासमोरून आडवं जावं लागेल. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच अंगाइतकी तापते आणि साध्या सेन्सरला माणूस धड दिसत नाही. तिथे दारांवर चुंबकाचे सेन्सर हवेतच : चुंबक सेन्सरपासून लांब गेला की अलार्म वाजतो. त्यांचंही एक दुखणं आहे : पावसाळ्यात लाकडी दार फुगलं की ते पुरतं लागत नाही, फट वाढते आणि रात्री-अपरात्री भोंगा वाजतो. दार रंधून घ्या, चुंबक जवळ सरकवा. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबकाखाली प्लॅस्टिकची चकती घाला, कारण लोखंड त्याचा जोर खातं.

घराचं बांधकाम चालू असेल, तर प्लास्टरआधीच पाइप टाकून वायरचाच अलार्म घ्या. राहत्या फ्लॅटमध्ये सुपरव्हिजन असलेला वायरलेस पुरे. बंगल्याला कुंपण, गॅरेज असं काही असेल, तर दोन्ही चालवणारं हायब्रिड पॅनेल मिळतं : मुख्य दारं वायरवर, लांबचे कोपरे वायरलेसवर. फोन कुणाकुणाला जावा ते भरताना परगावच्या मुलाच्या नंबरआधी शेजारच्यांचा नंबर घाला आणि एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा.