देवळात फोटो काढायला निघालात? ऊन कुठून येतंय ते आधी बघा

आयएसओ, शटर वगैरे येतं असं धरून चालतो. कॉलेजच्या ग्रुपबरोबर साताऱ्याहून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे आउटिंग म्हटलं की किकली, परळी, संगम माहुली, नाहीतर धोमचा कासवावरचा नंदी. आणि सीनियर मंडळींचं पालुपद ठरलेलं : पहाटे निघा, गोल्डन अवर (सूर्योदयानंतरचं कोवळं ऊन) गाठा.

या सल्ल्याने मला जेवढं छळलं तेवढं कशानेच नाही. कोवळं ऊन दिसतं झकास, पण पूर्वेच्या भिंतीवर ते थेट समोरून पडतं. समोरून उजेड आला की खोदकामाला सावलीच पडत नाही आणि कोरलेलं कीर्तिमुख (देवळावरचा उग्र चेहरा) इस्त्री फिरवल्यासारखं सपाट दिसतं. शिल्पाला उजेड भिंतीला घासून जाणारा हवा. म्हणजे पूर्वेची भिंत दहा-अकरानंतर, पश्चिमेची बारा-एकनंतर लगेच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ कडेने ऊन येतं आणि उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते. तिची वाट बघत बसू नका, उन्हाळ्यात या. उजेडाचा रंग नंतर एडिटिंगमध्ये बदलता येतो, दिशा नाही. कुणी ‘प्रीसेट (एडिटिंगची तयार सेटिंग) देतो’ म्हणालं तर चहा पाजा आणि विषय बदला.

किकलीला भैरवनाथाच्या देवळाबरोबर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, बघायचेच. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. भर दुपारी सगळे सावलीत डबे उघडतात, तेव्हा उभ्या शिळेवर ऊन वरून खाली घासत उतरतं आणि झिजलेली तलवारसुद्धा दिसायला लागते. जेवण तासभर पुढे ढकला. जाड मोजे मात्र न्या, देवळाच्या आवारात अनवाणी चालायचं असतं आणि दुपारी फरशी तळपायाला चटके देते.

आपला दगड काळा बेसॉल्ट. फ्रेमभर तोच असला की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर थोडं उणे ठेवा. शेंदूर लावलेल्या मूर्तीला लाल चॅनेलचा हिस्टोग्राम (लाल रंगाच्या उजेडाचा आलेख) वेगळा बघा, नाहीतर नाक-डोळे गायब होऊन नुसता केशरी गोळा उरतो.

एवढं वाचून घाबरू नका. मोबाइल असला तरी चालतो, खरंच. आमच्यात शिल्पाचे सगळ्यात चांगले फोटो ज्या मुलीचे येतात, ती आधी वहीत त्याचं रेखाटन करते. लेन्सवर तासभर बोलणाऱ्या गुरूपेक्षा असा सोबती बरा.

गाभाऱ्यात गुरवांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करायचा नाही. ‘नको’ म्हणाले तर नको, घासाघीस नाही. सभामंडपात फ्लॅश बंद ठेवा. एकाने खांबाच्या कडेने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. काहीजण रेषा उठून दिसाव्यात म्हणून वीरगळावर खडू नाहीतर पीठ चोळतात. असलं काही दिसलं तर तिथल्या तिथे अडवा, सीनियर असला तरी. खडूने जे दिसतं ते कडेने धरलेल्या टॉर्चनेही दिसतं.