फ्रंट ऑफिस मॅनेजर झालात? आधी दुपारी चारचा आकडा काढा

मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका 62 रूमच्या हॉटेलात सहा वर्षं काउंटरवर होते. मग मॅनेजर झाले आणि पहिल्याच डिसेंबरात तोंडावर पडले. म्हणून नव्याने या खुर्चीत बसणाऱ्याला मी गोड बोलायला शिकवत नाही, ते येतंच. मी दुपारी चारचा आकडा काढायला शिकवते, म्हणजे आज रात्री रूम उरतात की कमी पडतात, तो हिशोब.

एकूण रूम 62. दोन बंद, एकीचा एसी गेलाय, दुसरीच्या बाथरूममध्ये ओल. उरल्या 60. कालचे आणि आजही राहणारे 39, म्हणजे हातात 21. आज येणारे 23. दोन कमी. हे सॉफ्टवेअरही दाखवतं, पण त्याला आपण जे सांगितलं तेच ना! 39 जण राहणार, हे कोणाला विचारून लिहिलं?

आमच्या भागात खरी गोम इथेच आहे. रामदासपेठ-धंतोली म्हणजे दवाखान्यांचा पट्टा. छिंदवाडा, बैतूल, बालाघाटकडून पेशंट येतो आणि नातेवाईक आमच्याकडे उतरतात. ते ‘उद्या चेकआउट’ म्हणतात, पण डिस्चार्ज डॉक्टर आणि विम्याच्या मंजुरीवर अटकलेला असतो. त्यांचा ‘उद्या’ मी पेनाने लिहीत नाही, पेन्सिलने लिहिते. रात्री आठला फोन करून विचारायचं, “काकाजी, पेशंटची तब्येत कशी आहे? उद्या सुट्टी मिळते का?” तब्येत आधी, रूम नंतर. रूम आधी विचारलीत तर माणूस घाबरतो आणि खोटं बोलतो.

चारच्या आत हाउसकीपिंगच्या सुपरवायझरबरोबर रूम डोळ्यांनी पाहायच्या. काउंटरवर रूम ‘भरलेली’ आहे, पण आत सामान नाही, चादर मोडलेली नाही, असं झालं तर दोनपैकी एक समजा: पाहुणा बिल न देता गेला, किंवा रूम बदलली आणि आपल्या पोट्ट्याने नोंदच केली नाही. माझ्या अनुभवात दुसरंच जास्त.

मग ॲडव्हान्स न आलेल्या बुकिंगना फोन. कोणती ट्रेन, किती वाजता पोचता. दोन-तीन बुकिंग इथेच गळतात.

आता तो डिसेंबर. हिवाळी अधिवेशनात आमदार आमदार निवासात आणि मंत्री रविभवन-नागभवनात उतरतात, पण त्यांच्यामागून येणारे अधिकारी, पत्रकार, कार्यकर्ते हॉटेलंच भरतात. कोणीतरी गळेलच म्हणून मी दोन रूम जास्त विकल्या. कोणीच गळलं नाही. रात्री अकराला मुंबईचे एक गृहस्थ आले, पैसे भरलेले. मी त्यांना काउंटरसमोर उभं ठेवून चाळीस मिनिटं दुसऱ्या हॉटेलांना फोन करत बसले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, हे फोन तुम्ही दुपारी करायचे होते.”

आता दुपारीच करते. आकडा उणे निघाला की पाहुणा यायच्या आत शेजारच्या हॉटेलात रूम धरून ठेवायची. गाडी आपली, भाड्यातला फरक आपला, आणि दुसऱ्या सकाळी फोनही आपणच करायचा. कोणाला पाठवायचं? एका रात्रीसाठी आलेला, एकटा पुरुष, आपला नेहमीचा नसलेला. एकटी बाई, लहान मूल किंवा पेशंट यांना कधीच नाही, मग मालक काहीही म्हणोत.

विदर्भ एक्स्प्रेस सकाळी नऊच्या सुमारास येते आणि आपला चेकइन दोनचा. प्रवासाने आंबलेला माणूस दोनपर्यंत लॉबीत बसणार नाही, मे महिन्यात तर नाहीच. रात्रीच हाउसकीपिंगला सांगा: ज्या रूम आधी सुटतील त्यातल्या चार आधी करा.

कागदांचं थोडक्यात. परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांत पोर्टलवर गेलीच पाहिजे. वाघ पाहायला येणाऱ्यांच्या दिवसांत हे राहून जातं. आणि कंपनीचा जीएसटी नंबर चेकइनलाच घ्या. रायपूरच्या कंपनीला मात्र आधीच सांगा की हॉटेलच्या बिलावर महाराष्ट्राचाच कर लागतो, तिथे त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. नाहीतर बिल बदलून द्या म्हणून महिनाभर फोन येतात.

राहिलं हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्याला काम सोपवणं. तोंडी चालत नाही, वहीत लिहायचं. माझ्या वहीतलं एक पान असं:

“204 – वडील ॲडमिट, डिस्चार्ज नक्की नाही, सकाळी 9 ला विचारणे. 311 – ताडोबा, पहाटे 3 ला गाडी, नाश्ता पॅक, बिल आत्ताच घेतलं. 108 – गीझर उशिरा तापतो, तक्रार केलेली नाही, पण वैतागलेत. 405 – चावी परत आली नाही.”

खाली सही. ज्या रात्रीची सही नसते, त्या रात्रीच्या माणसाला मी सकाळी सातला घरून परत बोलावते.